गलबतात हत्ती

सकाळी सहा

डिसेंबरात फर्दापूरला सहाला उजाडलेलं नसतं. ओट्यावर चहा घेता घेता मी दिवस मनात मांडून घेतो. अजिंठ्याच्या गाईडला हे करावंच लागतं. चित्रांच्या लेण्यांत एका वेळी ४० माणसं सोडतात, पंधरा मिनिटांत बाहेर यावं लागतं, आणि शनिवारी सहलींच्या बस लागल्या की पहिल्या लेण्यासमोरच खोळंबा होतो. कुठून सुरुवात करायची, कुठे रेंगाळायचं आणि काय सोडून द्यायचं, हे घरूनच ठरवून निघालेलं बरं.

आज दोन कामं आहेत. नऊला स्वीडनहून आलेलं एक जोडपं, दोघंही निवृत्त शिक्षक. दुपारी अडीचला चाळीसगावकडच्या एका शाळेची सहल, नववीचा वर्ग.

जोडप्याने आधीच कळवून ठेवलंय की त्यांना अजिंठ्यातली जहाजं पाहायची आहेत. नवरा इतिहास शिकवायचा. नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडनचे हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे दर्यावर्दी मुळात व्यापारी होते की लुटारू, हा तिकडे वर्षानुवर्षं चालत आलेला वाद आहे. वर्गातलं प्रत्येक मूल तोच प्रश्न विचारायचं, आणि त्याला स्वतःला एका वाक्यात उत्तर कधी देता आलं नाही. ‘तुमच्या भिंतींवरचे लोक कोण होते?’ असं त्याने लिहिलंय.

हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो. बहुतेकांना पद्मपाणी पाहायचा असतो, आणि तो पाहावाच. पण याच भिंतींवर आपल्या समुद्राची अशी चित्रं आहेत की ती नीट पाहिली तर व्यापार आणि लूट यांच्यामधली रेघ कुठे आखायची ते कळेनासं होतं. पहिल्या लेण्यात महाजनकाचं फुटलेलं जहाज आहे, दुसऱ्यात पूर्णाच्या भावाचं, सतराव्यात सिंहलाचं. आज दुसरं आणि सतरावं. बाकी वाटेत जमेल तसं.

सव्वाआठ

टी पॉइंटवर गाड्या लागायला लागल्यात. इथे गाडी ठेवायची आणि चार किलोमीटर आत एसटीच्या बसने जायचं. पाहुणे वेळेत आले. बसपर्यंत पोचेपर्यंत दगडवाल्या पोरांनी त्यांना गाठलं. एकाने बाईंच्या हातात गारगोटीचा लखलखता तुकडा ठेवला, नाव सांगितलं, दुकानाचा नंबर सांगितला आणि परत येताना यायचं वचन घेतलं. ही पोरं चार-पाच भाषांत भाव सांगतात. डोंगरातल्या पोकळ्यांतून निघणारे हे दगड आमच्या भागाचा जुना माल आहे आणि पोरांच्या घरची चूल त्यावर पेटते, हे मी पाहुण्यांना आवर्जून सांगतो.

नऊ

पायऱ्या चढून वर आलो. खाली वाघूर नदी, पलीकडे सातकुंडाची धार बारीक झालेली. सगळी गर्दी पहिल्या लेण्यात शिरली. आम्ही सरळ दुसऱ्यात गेलो आणि चपला काढून उजव्या भिंतीपाशी उभे राहिलो.

डोळे मंद उजेडाला सरावायला मिनिटभर लागतं. मग जहाज दिसतं. तीन डोलकाठ्या, तिन्हींवर उभी, उंच, अरुंद शिडं. पुढे नाळेकडे आणखी एक शीड. नाळेवर डोळा रंगवलेला. मागच्या बाजूला वल्ह्यासारखं सुकाणू, आणि छताखाली ओळीने मांडलेले माठ. माठ काढणाऱ्या चित्रकाराने कधी ना कधी बंदर पाहिलं असणार, असं मला दर वेळी वाटतं. नुसत्या ऐकीव माहितीवर माणूस शिडं काढील, पण लांबच्या प्रवासाला निघालेल्या जहाजाची ही घरगुती व्यवस्था त्याला कुठून सुचणार? जहाजावरचा माणूस हात जोडून बसलाय, खालून पाण्यातले जलचर वर आलेत.

गोष्ट सोपाऱ्याची आहे, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याची. भव नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याच्या घरी, दासीच्या पोटी पूर्ण जन्मला. धंद्यात तो भावांहून हुशार निघाला, समुद्रावर फेऱ्या करून आला, आणि मग सगळं सोडून बुद्धाचा भिक्खू झाला. पुढे थोरला भाऊ भविल गोशीर्ष चंदन आणायला जहाज घेऊन निघाला. चंदनाच्या बेटावर उतरल्यावर व्यापाऱ्यांनी ५०० कुऱ्हाडी चालवायला सुरुवात केली. ते वन महेश्वर नावाच्या यक्षाच्या ताब्यातलं. त्याला खबर लागली तशी त्याने वादळ उठवलं. भविलने पूर्णाचा धावा केला, पूर्ण आकाशमार्गाने आला, वारा पडला.

इथे मी थांबतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारतो: वादळ का उठलं? बहुतेक लोक म्हणतात, यक्ष दुष्ट होता. पण ‘दिव्यावदाना’तल्या कथेत यक्षाला स्वतःचं म्हणणं आहे. हे वन चक्रवर्ती राजासाठी राखलेलं आहे, असं तो पूर्णाला सांगतो. म्हणजे वन राखीव आहे, त्याला राखणदार आहे, आणि राखणदार घरी नसताना कुऱ्हाडी लागल्या आहेत. चित्रात मात्र आपण जहाजावरच्या माणसासोबत घाबरतो, कारण चित्रकाराने आपल्याला जहाजावर बसवलंय.

‘त्यांनी विचारून तोडलं होतं का?’ पाहुण्याने विचारलं.

कथेत तरी नाही, मी म्हटलं. शेवटी यक्ष राजी होतो, चंदन सोपाऱ्याला येतं, त्याचा मंडप उभारला जातो आणि बुद्धाला आमंत्रण जातं. पुण्यकर्म पूर्ण होतं. पण पहिल्या कुऱ्हाडीच्या वेळी ते काय होतं, हा प्रश्न तसाच राहतो. पाहुण्या बाईंनी आणखी एक गोष्ट पकडली, जी मी इतकी वर्षं फक्त पूर्णाच्या मोठेपणासाठी सांगत आलो: त्याची आई दासी होती. व्यापाऱ्याच्या घरात ती कुठून आली असेल, असं त्या म्हणाल्या. पंधरा मिनिटं झाली होती, रखवालदाराने हाक दिली.

बाहेर ओसरीत सोपाऱ्याबद्दल थोडं सांगितलं. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला, अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तिथे सापडला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या ‘पेरिप्लस’ या प्रवासपुस्तकात सोपारा आहे आणि कल्याणही. कल्याणला चुकून शिरलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जाई, असं तो लिहितो. खालच्या किनाऱ्यावर चाचे आहेत असाही इशारा देतो. एकाच्या हातातलं हत्यार पहारा ठरतं आणि दुसऱ्याच्या हातातलं चाचेगिरी, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या खलाशालाही चांगलं ठाऊक होतं.

साडेदहा

नववं आणि दहावं लेणं भराभर. दहाव्यात २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीवर असताना आला, आणि त्याने खांबावरच्या रंगवलेल्या बोधिसत्त्वावर स्वतःचं नाव कोरलं. बाराव्यापाशी मात्र थांबलो. घनामदड नावाच्या वणिजाने हे दान दिलं, असा ब्राह्मीतला लेख तिथे आहे. चित्र नाही, शिल्पही फारसं नाही. दगडात खोदलेले ओटे, ओळीने खोल्या आणि दाराजवळ एका व्यापाऱ्याचं नाव.

व्यापारी इथे का, तर घाट. पैठण-भोकरदनहून खानदेशात आणि पुढे उज्जैनकडे जाणारे तांडे या डोंगरातून उतरायचे. आणि तांडे असले की त्यांच्यावर डोळा ठेवणारेही असतात. इंग्रजी कागदांत या डोंगरातल्या भिल्लांना सरसकट लुटारू म्हटलंय. वास्तविक घाटाची राखण हे पिढ्यान्‌पिढ्या भिल्लांचं वतनी काम होतं आणि त्याबद्दल त्यांचा हक्क ठरलेला होता. तो हक्क मिळेनासा झाला तेव्हा त्यांनी वाट अडवली. १८२५ मध्ये इंग्रजांनी त्यांच्याच मुलांना भरती करून खानदेशात भिल्ल पलटण उभी केली, औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली. तीच माणसं पुन्हा राखणदार झाली.

साडेअकरा

सतरावं लेणं. हरिषेण वाकाटकाच्या मांडलिक राजाने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात खोदवलेलं. ओसरीत डाव्या हाताला भवचक्र आहे, त्याच्या काही आकृती एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या डॉ. जेम्स बर्ड यांनी भिंतीवरून सोलून काढायचा प्रयत्न केला. त्यांचा चुरा झाला. हे सांगताना मला अजून राग येतो.

आत उजव्या भिंतीवर सिंहल. अजिंठ्यातल्या सर्वांत मोठ्या चित्रांपैकी हे एक, आणि माझ्या मते सर्वांत अस्वस्थ करणारं. व्यापाऱ्याचा मुलगा सिंहल ५०० व्यापारी घेऊन समुद्रावर निघतो. ताम्रद्वीपापाशी जहाज फुटतं. किनाऱ्यावर सुंदर बायका भेटतात, खाऊपिऊ घालतात, संसार मांडतात. त्या राक्षसिणी आहेत, आधीच्या व्यापाऱ्यांना त्यांनी खाल्लंय, हे सिंहलाला कळतं. पांढरा घोडा बलाह त्याला आकाशातून घेऊन जातो. मागे वळून पाहणारे बाकीचे पडतात. सिंहलाची राक्षसीण मूल कडेवर घेऊन त्याच्या गावी येते आणि राजापुढे उभी राहते: हा माझा नवरा, याने मला टाकलं. सिंहल नाकारतो, राजा तिला अंतःपुरात ठेवतो, आणि रात्रीतून राजवाड्यातली माणसं संपतात. छतावर गिधाडं. सिंहल तलवार घेऊन शिडीने वर चढतो, राक्षसिणींना हाकलतो, लोक त्याला राजा करतात.

आणि मग मी ज्यासाठी पाहुण्यांना इथे आणलं तो भाग. सिंहल परत समुद्रावर निघतो. या वेळी गलबतात हत्ती आहेत. सोंड वर केलेले, अंबारीखाली दाटीने उभे, त्यांच्या वजनाने काठ पाण्याला टेकेल असं वाटावं असे. घोडे, भाले, ढाली, धनुष्यं. समोर किनाऱ्यावर केस मोकळे सोडलेल्या राक्षसिणी लढतायत, पडतायत. बेट जिंकलं जातं, सिंहलाचा अभिषेक होतो, बेटाला त्याचं नाव मिळतं.

पहिल्या फेरीत माल, दुसऱ्या फेरीत हत्ती. माणूस तोच, किनारा तोच, आणि वाट त्याला पहिल्या फेरीतच कळलेली. लोक इथे राक्षसिणींच्या क्रूरपणात गुंततात. मला तो सैन्य उतरण्याचा प्रसंग महत्त्वाचा वाटतो, कारण व्यापाऱ्याचा विजेता कसा होतो हे चित्रकाराने एकाच भिंतीवर, मध्ये खांबही न घेता दाखवलंय.

पाहुणा हत्तींपाशी खिळून राहिला.

दुपारी एक

पायथ्याच्या उपाहारगृहात जेवलो. आता बोलायची पाळी त्यांची होती.

त्याने फोनवर एक फोटो दाखवला. पद्मासनात बसलेला, दहा सेंटिमीटरही उंच नसलेला काशाचा बुद्ध. सहाव्या शतकाच्या सुमाराला स्वात-काश्मीरच्या बाजूला घडवलेला, आणि १९५६ मध्ये सापडला तो स्टॉकहोमजवळच्या मेलारेन सरोवरातल्या हेल्गो बेटावर. गळ्यात आणि हातावर चामड्याच्या पट्ट्या होत्या. कुणी तरी तो अंगावर किंवा घरात टांगून ठेवला असणार. हेल्गो ही कारागिरांची आणि बाजाराची वस्ती. बुद्ध एकाच माणसाने एवढा लांब नेला असेल असं नाही. हातोहात, नदीनदीने सरकत गेला असेल. आमच्या लेण्यांत बुद्धाच्या शेकडो मूर्ती आहेत, पण त्या तळहाताएवढ्या बुद्धाकडे पाहताना मला गलबलून आलं.

पण त्याच बेटावर आणखी दोन वस्तू सापडल्या, असं बाईंनी सांगितलं. एक इजिप्तकडची काशाची पळी, दुसरी आयर्लंडमधल्या ख्रिस्ती धर्मगुरूच्या दंडाची नक्षीदार मूठ. ही मूठ बहुधा मठ लुटून आणलेली असावी असं अनेक अभ्यासकांना वाटतं. ७९३ मध्ये इंग्लंडच्या लिंडिसफार्न मठावर या दर्यावर्द्यांची पहिली मोठी धाड पडली आणि पुढे आयर्लंडच्या किनाऱ्यावरचे मठ वारंवार लुटले गेले. म्हणजे एकाच बेटाच्या मातीत आमचा बुद्ध आणि तिकडचा दंड.

स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या एका बेटावर, किलोरन उपसागराच्या काठी, १८८२ मध्ये याच दर्यावर्द्यांपैकी एकाचं दफन मिळालं, असं पाहुण्याने सांगितलं. सोपाऱ्याचा स्तूप उकरला त्याच साली. पुरलेल्या माणसाबरोबर होडी होती, घोडा होता, तलवार, कुऱ्हाड, भाला होता, आणि तराजू, वजनांसकट. चांदी तोलून व्यवहार करायचा तो काळ. गॉटलंड बेटावर स्पिलिंग्ज गावी १९९९ मध्ये ६७ किलोंच्या आसपास चांदी एका ठिकाणी सापडली. त्यात १४ हजारांहून अधिक नाणी, बहुतांश अरबी दिरहम. मठ लुटून दिरहम मिळत नाहीत. ते बाजारात मिळतात.

‘मग व्यापारी,’ मी म्हटलं.

‘काय विकून?’ बाईंनी विचारलं.

९२२ मध्ये बगदादच्या खलिफाच्या वकिलातीबरोबर आलेला इब्न फदलान व्होल्गाकाठी या लोकांना भेटला. त्याने त्यांचा माल लिहून ठेवलाय: सेबलची कातडी आणि गुलाम मुली. मुली कुठून आल्या? कुठल्या तरी किनाऱ्यावरून, कुठल्या तरी धाडीत उचललेल्या. मला एकदम पूर्णाची आई आठवली. तराजू आणि तलवार एकाच माणसाच्या थडग्यात का, याचं उत्तर त्या मुलींमध्ये आहे. लूट हा धंद्याचा कच्चा माल होता आणि बाजारात पोचला की त्याचाच व्यापार व्हायचा.

आइसलँडच्या एगिलच्या सागामध्ये तर हे उघड सांगितलंय, असं तो म्हणाला. सागा लिहिली गेली तेराव्या शतकात, गोष्ट त्याआधीची. एगिल आणि त्याचा भाऊ बाल्टिकच्या पूर्व काठावरच्या कुरलँडला जातात, तिथल्या लोकांशी पंधरा दिवसांचा तह करून व्यापार करतात. तहाची मुदत संपली की त्याच किनाऱ्यावर लूटमार सुरू करतात. कुणालाही त्यात विसंगती वाटत नाही.

माझं मत मी त्याला दिलं. दिवस मोजले तर तुमचे लोक बहुतेक शेतकरी आणि व्यापारी होते. वर्षातले फार थोडे दिवस त्यांच्या हातात कुऱ्हाड असेल. पण ज्या गावावर धाड पडली त्या गावाचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका दिवसाने ठरलं. म्हणून जास्त दिवस कशात गेले, या हिशेबाने मुळात कोण हे ठरवणं मला पटत नाही. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, माझ्या वर्गात हत्तींचं हे चित्र असायला हवं होतं.

अडीच

सहल आली. दोन शिक्षक, एक बाई. पाहुण्यांनी पुन्हा सतराव्यात यायची परवानगी मागितली; मुलांच्या मागे उभे राहिले.

मुलांना मी आधी खाली झाडाखाली बसवतो, कारण आत बोलायला वेळ नसतो. नववीच्या मुलांना परके दर्यावर्दी सांगायचे तर घरापासून निघावं लागतं. ‘आज्ञापत्र’ नाव ऐकलंय का? दोन-चार हात वर. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी राज्य कसं चालवावं ते लिहिलं. त्यात सावकारांवर स्वतंत्र प्रकरण आहे. दूरदेशीच्या व्यापाऱ्यांना आणावं, सांभाळावं, त्यांनी राज्याला शोभा येते. आणि लगेच टोपीकरांबद्दल सावधगिरी: इंग्रज, फिरंगी, वलंदेज हे बाकीच्या सावकारांसारखे नाहीत, प्रत्येकाच्या मागे एकेक राजा आहे, त्यांना जमिनीचा लोभ आहे. वखारीला जागा द्यायचीच तर समुद्रकाठी, खाडीच्या तोंडाशी देऊ नये. व्यापारी आणि व्यापाऱ्याच्या वेशात आलेला यांच्यात फरक कसा करायचा, याची इतकी व्यवहारी शिकवण मला दुसरीकडे वाचायला मिळालेली नाही. हत्तींचं गलबत अमात्यांना वखारीतच दिसलं होतं.

‘मग आंग्रे?’ एका मुलाने विचारलं. ‘त्यांना इंग्रज चाचा म्हणायचे ना?’

म्हणायचे. कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल. आपल्या पाण्यातून जायचं तर आपलं दस्तक घ्या, नाही तर जहाज धरलं जाईल, हा त्यांचा नियम. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून हेच करत होते. त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणत, आणि मोठमोठ्या बादशहांची जहाजंही तो घेऊन निघत. पोर्तुगिजांनी केलं तर सागरी सत्ता, कान्होजींनी केलं तर चाचेगिरी, असं इंग्रजांचं लिहिणं. १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. १७२९ मध्ये कान्होजी वारले तोवर त्यांना समुद्रावर कुणी हरवू शकलं नाही.

हे सांगताना वर्गाची छाती फुगते, माझीही फुगते. पण खरं सांगायचं तर तेवढ्यावर थांबता येत नाही. ज्याचं जहाज धरलं गेलं, त्यावर कुणी गुजराती व्यापारी असेल, कुणी गरीब खलाशी असेल; त्याच्या घरी त्या दिवसाला काय म्हणत असतील? शिवाजी महाराजांच्या आरमाराने १६६५ मध्ये बसरूरवर स्वारी केली, आणि त्याच काळात त्यांची गलबतं माल घेऊन मोख्यापर्यंत जात होती. १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. तिथल्या तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशवेही त्यांच्या बाजूला होते. आरमार जळलं, आणि किल्ल्यात मिळालेली दहा लाखांच्या आसपासची दौलत इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. चाच्यांचा बंदोबस्त करायला आले होते ते. मुलांनी हे वहीत लिहून घेतलं; त्यांच्या बाईंनीही घेतलं.

मग वर नेलं, आत सोडलं. हत्ती दाखवले. पुढे उभ्या असलेल्या एका मुलीने पडलेल्या राक्षसिणींकडे बोट केलं.

‘सर, पण या तिथल्याच राहणाऱ्या ना?’

हो, म्हटलं.

‘मग गोष्ट त्यांनी सांगितली असती तर?’

वेळ संपली होती. मी तिला म्हटलं, तुझ्या बाईंचा नंबर घेतो, रात्री सांगतो.

साडेचार

उतरताना डोलीवाले रिकामे परत चालले होते. त्यातले एक तात्या मला म्हणाले, आज तुमचे गोरे पाहुणे चालतच फिरले, आमचा धंदा गेला. पाहुण्याने हे विचारून घेतलं आणि उद्या सकाळी बायकोसाठी डोली ठरवली. त्यांना नदीपलीकडच्या व्ह्यू पॉइंटवर जायचं होतं. पाचला लेणी बंद होतात. टी पॉइंटवर दगडवाला पोरगा नेमका हजर होता. बाईंनी वचन पाळलं.

रात्री नऊ

जेवण झाल्यावर शाळेच्या बाईंना फोन लावला. त्यांनी स्पीकरवर टाकला. सहल अजून बसमध्येच होती.

त्या मुलीला सांगितलं की बेटाच्या बाजूची गोष्ट आहे. सतरावं लेणं रंगवलं जात होतं त्याच सुमाराला श्रीलंकेत ‘महावंस’ रचला जात होता. त्यात बेटावर येणाऱ्याचं नाव विजय. वडिलांनी दांडगाईबद्दल सातशे माणसांसह हाकलून दिलेला राजपुत्र. आणि लंकेला पोचण्याआधी त्याचं जहाज लागतं ते सोपाऱ्याला. त्याची माणसं तिथे इतका दंगा करतात की त्यांना तिथूनही पळावं लागतं. पूर्णाचं सोपारं, चंदनाच्या मंडपाचं सोपारं, या गोष्टीत किनाऱ्यावरची बाजू आहे.

लंकेत विजयला कुवेणी भेटते. यक्षिणी, झाडाखाली सूत कातत बसलेली. ती त्याच्या माणसांना धरते, मग त्याचीच होते, आपल्याच लोकांचा नाश करायला त्याला मदत करते. दोन मुलं होतात. पुढे विजयला राजाला शोभेल अशी राणी हवी असते, ती मदुरेहून येते, आणि कुवेणीला जायला सांगितलं जातं. ती आपल्या लोकांत परतते; ते तिला फितूर म्हणून मारतात. मुलं डोंगरात पळतात. महावंस भिक्खूंनी लिहिलाय, विजयच्या वंशाचा गौरव करायला लिहिलाय, तरी कुवेणी त्यांना गाळता आली नाही.

‘मुलांचं काय झालं?’ मुलीने विचारलं.

त्यांच्यापासून पुलिंद लोक झाले, असं महावंस म्हणतो. लंकेतले वेद्दा आदिवासी आजही कुवेणीला आपली पूर्वज मानतात.

‘म्हणजे राक्षसीण नाही.’

नाही.

बसमध्ये कुणी तरी गाणं लावलं होतं, बाईंनी ते बंद करायला सांगितलं आणि विचारलं, महावंस मराठीत मिळेल का, शाळेच्या वाचनालयासाठी. शोधून कळवतो म्हटलं. मुलीचा आणखी एक प्रश्न होता: सिंहलाच्या चित्रात ती बाई मूल कडेवर घेऊन राजासमोर उभी आहे, ते मूल कुणाचं? कथा म्हणते, मायेने उभं केलेलं. मी तिला तसंच सांगितलं, आणि हेही सांगितलं की ती कथा सिंहलाकडून लिहिलेली आहे.

उद्या रविवार, नागपूरहून एक मोठा गट आहे. आजवर सतराव्यात मी गोष्ट सिंहलाच्या जहाजापासून सुरू करत आलो. उद्या त्यांना आधी राजदरबाराच्या प्रसंगापाशी उभं करणार आहे, त्या बाईच्या तक्रारीपाशी, आणि हत्ती शेवटी दाखवणार आहे.